शिक्का न लागलेली पाच मतं

मी क्लूनशीच्या शाळेत रुजू झाले तेव्हा डेलिया गिल्हूली सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. शाळा म्हणजे दोन खोल्या, एक्कावन्न मुलं आणि आम्ही दोघी. गावात सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे. मी नदीपलीकडच्या काउंटीतली, त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षं मला कुणी काहीच म्हणत नव्हतं.

बाई कुठलंही काम एकदा करून सोडत नसत, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. हजेरी दोनदा व्हायची. शाळेला कुलूप लावलं की फाटकापर्यंत जाऊन परत यायच्या आणि कुलूप ओढून बघायच्या. आणखी एक गोष्ट कळायला जरा वेळ लागला. त्या हसत नसत. म्हणजे तुसड्या होत्या असं मुळीच नाही. आजारी पोराच्या घरी सूप घेऊन जाणाऱ्या, कुणाचा बाप इंग्लंडात कामाला असला तर त्याला पत्र लिहून देणाऱ्या. पण हसायची वेळ आली की ओठ घट्ट मिटून घ्यायच्या. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांच्या खुर्चीचा पाय मोडला आणि साहेब शाईच्या दौतीसकट खाली. सगळी खोली हसून लोळली, मीसुद्धा. बाई मात्र पांढऱ्याफटक पडल्या आणि टेबलावरचे कागद एकेक उलटून बघायला लागल्या. मला वाटलं साहेबांना घाबरल्या. तसं नव्हतं.

कारण मला कळलं दुकानात. मिसेस केसीच्या दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात दारू मिळायची, आणि बाजाराच्या दिवशी तिथे माणसं दुपारपासूनच बसलेली असायची. आम्ही दोघी खडूंची पेटी घ्यायला गेलो होतो. डोंगरावरचा एक माणूस, चांगला झिंगलेला, ग्लास उंचावून म्हणाला, "काय बाई, आज शिक्का आणलात ना? का राहिला घरी?"

कुणी हसलं नाही. मिसेस केसी म्हणाली, "पॅडी, घरी जा. गाय वाट बघत असेल, बायको तर बघत नाहीच." पॅडी मान खाली घालून बाहेर पडला. बाईंनी पैसे दिले, पेटी उचलली आणि रस्ताभर माझ्याशी पाढ्यांबद्दल बोलत राहिल्या. मी विचारलं नाही. आमच्याकडे एखादी गोष्ट ठाऊक असणं आणि ती बोलणं, यांत अख्खी नदी वाहते. गावाकडून मला अर्धी हकीकत कळायला चार वर्षं लागली. उरलेली अर्धी बाईंनी स्वतः सांगितली, पण ती खूप उशिरा.

मी यायच्या सात वर्षं आधीची, चौऱ्याहत्तर सालच्या जूनमधली काउंटी कौन्सिलची, म्हणजे आमच्या जिल्हा परिषदेची निवडणूक. आमच्या भागातून पाच जण निवडून जायचे. चार जागा कुणाच्या, हे दारातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. झुंज होती ती पाचव्या जागेसाठी. एकीकडे मायल्स डॉलन, जुन्या पक्षाचा, दोनदा निवडून आलेला, प्रत्येक मयताला सगळ्यांत पुढे उभा राहणारा. दुसरीकडे जार्लथ वॉल्ड्रन. चव्वेचाळीस वर्षांचा, बिनलग्नाचा, आईबरोबर राहणारा शेतकरी, अपक्ष. त्याचं मागणं एकच होतं. डोंगरावरच्या एकोणीस घरांना नळाचं पाणी. त्या घरांतल्या बायका तेव्हा खालच्या विहिरीवरून बादल्या भरून वर न्यायच्या. जार्लथ बोलायला अडखळायचा, सभेत तर जीभ चिकटायची. पण तो एकोणीस घरांत एकोणीस वेळा जाऊन बसला होता.

आमच्या शाळेत मतदान होतं आणि बाई केंद्राध्यक्ष होत्या. त्या कामाआधी शपथ घ्यावी लागते. मतदानाच्या खोलीत जे दिसेल, जे ऐकू येईल, ते बाहेर काढायचं नाही. बाईंनी ती शपथ देवळातल्या शपथेसारखी घेतली होती. काम तसं सोपं. मतदार येतो, यादीत नावावर रेघ मारायची, मतपत्रिका फाडायची, ती लोखंडी चापाखाली धरून दाबायची. खट् आवाज होतो आणि कागदावर बारीक टोचल्यासारखी खूण उठते. तो शिक्का. शिक्का नसेल तर ते मत मत नाहीच. मग माणूस आडोशाला जातो, नावांपुढे एक, दोन, तीन असे आकडे घालतो, घडी करून पेटीत टाकतो.

दुपारी तीनच्या सुमाराला खिडकीतून एक पाकोळी आत आली.

एवढंच झालं. चिमुकला पक्षी, छताखाली भिरभिरायला लागला. दारावरचा पोलीस, भला जाडजूड माणूस, टोपी काढून तिच्या मागे लागला. बाकावर चढला, बाक कलला, टोपी दिव्यात अडकली. रांगेतले म्हातारे सूचना द्यायला लागले. "साहेब, अटक करा तिला! यादीत नाव नाही तिचं!" बाई हसायला लागल्या. नंतर मला म्हणाल्या, "एथ्ना, मी आयुष्यात तशी हसले नव्हते गं. डोळ्यांतून पाणी येत होतं. एका हातानं डोळे पुसत होते आणि दुसऱ्या हातानं मतपत्रिका फाडून देत होते." पाकोळी दारातून निघून गेली. पोलिसाची टोपी निघाली. पुढच्या माणसाला मतपत्रिका देताना त्यांनी चाप दाबला, खट् आवाज झाला, आणि त्यांच्या मनात पुसटसं आलं की हा आवाज मघापासून ऐकला नाही. पण ऐकला असणार, असं म्हणून त्यांनी तो विचार बाजूला केला. पेटी तर उघडता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी काउंटीच्या गावात, कोर्टाच्या इमारतीत मोजणी झाली. आमच्याकडे मोजणी म्हणजे जत्रा असते. पेट्या टेबलावर उपड्या करतात, कारकून कागद उलगडतात, आणि कठड्याला टेकून उमेदवारांची माणसं मान लांब करून प्रत्येक कागद वाचत असतात. क्लूनशीची पेटी उघडली तेव्हा कठड्याला स्वतः जार्लथ उभा होता. तिच्यात शिक्का नसलेले पाच कागद निघाले. निवडणूक अधिकाऱ्यानं ते उमेदवारांना दाखवले आणि बाद केले. तेव्हा त्याचं कुणाला फारसं काही वाटलं नाही. पाचच कागद.

रात्री नऊला शेवटची फेरी संपली. डॉलन आठशे बारा. वॉल्ड्रन आठशे दहा. फेरमोजणी झाली. पुन्हा तेच.

आता त्या पाच कागदांकडे लोकांचं लक्ष गेलं. चारांवर पहिली पसंती वॉल्ड्रन होती, एकावर डॉलन. ते पाच धरले असते तर जार्लथ एका मतानं निवडून आला असता. त्याच्या बाजूचे लोक म्हणाले, चल कोर्टात. शिक्का मारायला विसरलं सरकारी माणूस, त्याची शिक्षा मतदाराला का? वकील तयार होता. जार्लथ म्हणाला, "नाही." का, ते सांगितलं नाही. घरी गेला आणि पुन्हा कधी कुठल्या निवडणुकीला उभा राहिला नाही.

बाईंना आठ दिवसांनी निवडणूक कचेरीचं पत्र आलं. दोन ओळींचं. आपल्या केंद्रातील पाच मतपत्रिकांवर शिक्का आढळला नाही, यापुढे काळजी घ्यावी. यापुढे त्यांना ते काम कुणी दिलं नाही, आणि दिलं असतं तरी त्यांनी घेतलं नसतं.

बाई तेव्हापासून वाट बघत राहिल्या. आज जार्लथ दारात येईल, उद्या येईल, शिव्या देईल, कोर्टाचा कागद येईल. कुणीच आलं नाही. रविवारी देवळाबाहेर तो त्यांना टोपी उचलून नमस्कार करायचा, नेहमीसारखाच. "त्यानं माझ्यावर थुंकायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "टोपी काय उचलायची?" गावात काही जण असंही कुजबुजले की बाईंचा बाप डॉलनच्या पक्षाचा, पोरीनं मुद्दामच केलं. हे बाईंच्या कानावर गेलं. त्या कुणाला काय सांगणार होत्या? की मी हसत होते?

डॉलननं पाण्याची लाइन आधी आपल्या बाजूला नेली. डोंगरावर पाणी चढायला आणखी आठ वर्षं लागली. ती आठ वर्षं डोंगरावरची पोरं बाईंच्या वर्गात यायची, ओल्या बुटांनी, तळहातांवर बादलीच्या कडीचे वळ घेऊन. बाई रोज सकाळी त्यांचे हात बघायच्या. मुलांना वाटायचं नखं तपासतायत.

आणि ते पाच जण. पाकोळी असतानाच्या त्या दहा मिनिटांत कुणाकुणाला कागद दिला, हे बाईंना पक्कं आठवत होतं. लॅविन बहिणी दोघी, लोहार टॉम बर्न, त्याची बायको, आणि म्हातारा बार्टली हेशन. बाईंनी हे वर्षानुवर्षं कुणाला सांगितलं नाही, शपथ होती ना. पण ती माणसं रस्त्यात भेटली की त्यांच्या अंगावर काटा यायचा. ती बिचारी काय, "बाई, हवा छान आहे" म्हणायची. आपलं मत केराच्या टोपलीत गेलंय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. एकेक करून ती म्हातारी होत गेली, मरत गेली. बाई प्रत्येकाच्या मयताला गेल्या. शवपेटीशी वाकून काहीतरी बोलायच्या, मी एकदा पाहिलं. लोकांना वाटायचं प्रार्थना करतायत.

दर वर्षी जूनमध्ये, त्या तारखेला, दुपारी बाई सगळी पोरं माझ्या खोलीत पाठवायच्या आणि आपल्या खोलीचं दार लावून घ्यायच्या. एकदा मी विसरलेली वही न्यायला दार उघडलं. बाई टेबलामागे ताठ बसल्या होत्या, अंगठा टेबलावर दाबत होत्या, उचलत होत्या, पुन्हा दाबत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दार लाव एथ्ना. रांग आहे." खोलीत कुणीही नव्हतं. मी दार लावून घेतलं. त्यानंतर आम्ही दोघींनी एकत्र सतरा वर्षं काम केलं, आणि त्या दुपारबद्दल एक अक्षर बोललो नाही.

जार्लथच्या घरचं मात्र काही वेगळंच चाललं होतं, आणि ते कुणाला उलगडत नव्हतं. त्याची आई सबीना, तोंडानं तिखट पण हातानं उदार बाई. निवडणुकीनंतर मायलेकांचं बोलणं बंद झालं. एका घरात, एका चुलीशी, पण शब्द नाही. दुकानात म्हातारी एकटी यायची, पाठीवर पिठाची पिशवी घेऊन. कुणी विचारलं, "जार्लथ बरा आहे ना?" तर म्हणायची, "त्यालाच विचारा. माझ्यापेक्षा तुमच्याशी जास्त बोलत असेल." तीन हिवाळे असेच गेले आणि ती गेली. देवळातून दफनभूमीपर्यंत एकुलत्या एका मुलानं आईच्या शवपेटीला खांदा दिला नाही. हात खिशात घालून मागे चालत राहिला. तिचे पुतणे पुढे झाले. गाव अजून ते विसरलेलं नाही.

दोन हजार चारच्या जूनमध्ये पुन्हा कौन्सिलची निवडणूक आली. मतदानाची यंत्रं येणार, येणार म्हणून वर्षभर गाजावाजा झाला आणि शेवटी कागदच राहिले. बाई निवृत्त झाल्या होत्या, आणि या वेळी केंद्राध्यक्ष मी होते. बाई सकाळी अकराला आल्या. सत्तर वर्षांच्या, निळा कोट, हातात काठी. मी कागद चापाखाली धरून दाबला. खट्. त्यांनी कागद घेतला नाही. "पुन्हा बघ," म्हणाल्या. मी कागद उजेडात धरून खूण दाखवली. "शिक्का उठलेला तुझ्या हातात बघायचा होता मला," म्हणाल्या, आणि मत न देताच बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. तेव्हा त्यांनी मला सगळं सांगितलं, पाकोळीपासून रांगेपर्यंत. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "शेवटची लॅविन मार्चमध्ये गेली. आता पाचातलं कुणी राहिलं नाही, ज्याची माफी मागावी. जार्लथ राहिलाय. मला रविवारी वर घेऊन चल."

"काय सांगणार त्याला?"

"काय सांगणार म्हणजे? जे झालं ते."

जार्लथचं घर डोंगराच्या अगदी कडेला. चौऱ्याहत्तर वर्षांचा झाला होता, पाठीत वाकलेला, पण घर लख्ख. आम्हाला दारात बघून त्याला नवल वाटलं असेल, पण दिसलं नाही. त्यानं चहा केला, सोड्याचा पाव कापला, त्यावर लोणी आणि हॅमचे तुकडे ठेवले. बाईंनी कशालाच हात लावला नाही.

"जार्लथ," त्या म्हणाल्या, "चौऱ्याहत्तरचे ते पाच कागद. ते माझ्या हातून गेले. मी हसत होते. खोलीत पाकोळी शिरली होती, आणि मी हसत होते."

"बरं."

"बरं काय? तुझी जागा गेली माझ्यामुळे!"

"ठाऊक आहे मला, डेलिया. क्लूनशीची पेटी होती. तिथे शिक्का मारणारं दुसरं कोण होतं? पोप?"

"मग कोर्टात का नाही गेलास? मला साक्षीला उभी करावी लागली असती म्हणून?"

जार्लथ पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ बघत म्हणाला, "उगाच फुशारून जाऊ नकोस. तुझा विचार माझ्या मनात आलाही नव्हता."

मग तो कपाची कड बोटानं पुसायला लागला. "चार कागद माझे होते," तो म्हणाला. "पाचवा डॉलनचा. अधिकाऱ्यानं माझ्यासमोर धरला. त्यावरचा एकाचा आकडा मी ओळखला. वर शेंडी, खाली आडवी रेघ, आणि हात थरथरलेला. माझी आई तसाच एक काढायची. दुधाचा हिशेब, पत्र्याच्या डब्यांवरच्या तारखा, जन्मभर बघत आलो होतो मी. आदल्या दिवशी तिनं मला तोंडावर सांगितलं होतं, माझ्या बापानं यादवीत ज्या माणसांसाठी तुरुंग भोगला त्यांच्या, डॉलनच्या पक्षाविरुद्ध तू उभा राहतोस, माझं मत तुला नाही, पोटचा असलास तरी. मला वाटलं रागानं बोलली. मग तो कागद पाहिला. कोर्टात गेलो असतो तर ते पाच कागद सगळ्या काउंटीसमोर मांडले असते. लोक म्हणाले असते, वॉल्ड्रनला त्याच्या आईनंच मत दिलं नाही. कोण जाणार होतं कोर्टात?"

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी काठीची मूठ दोन्ही हातांनी धरली होती.

"जार्लथ," त्या हळूच म्हणाल्या, "तुझी आई किती वाजता मत द्यायला आली होती?"

"मला काय ठाऊक? मी दिवसभर पलीकडच्या गावांतून फिरत होतो. घरी आल्यावर विचारलं नाही. नंतर कधीच विचारलं नाही."

"ती सकाळी आली. दार उघडलं तेव्हा रांगेत तिसरी होती. पाकोळी दुपारी तीनला आली. तुझ्या आईच्या कागदावर शिक्का होता, जार्लथ. मी मारला. तो पाचवा कागद बार्टली हेशनचा. त्याचे हात कसे थरथरायचे, ठाऊक आहे ना तुला? पेला धरता यायचा नाही. आणि एकाचा आकडा म्हणशील, तर त्या काळी आमच्या शाळेत सगळ्यांनाच तसा एक शिकवायचे. शेंडी आणि पाय. बार्टली आणि तुझी आई एका बाकावर शिकले. शाळेच्या जुन्या हजेरीपटात आहेत दोघं, एकाखाली एक."

बाहेर मेंढ्या ओरडत होत्या.

"आणि एक सांगते," बाई म्हणाल्या. "शपथ मोडून सांगते. तुझी आई आडोशामागे खूप वेळ होती. चष्मा विसरली होती. बाहेर आली आणि मला म्हणाली, 'आमच्या गाढवाचं नाव इतकं तळाला का लावलंय गं? बोटानं शोधत शोधत गेले तेव्हा सापडलं.' मी म्हटलं, नावं आद्याक्षरानं लावतात, वॉल्ड्रन शेवटीच येणार. तर म्हणाली, 'मग बापाचं आडनाव तरी नीट निवडायचं.' आणि गेली."

जार्लथ उठला. टोपी घेतली नाही, दार लावलं नाही, सरळ गोठ्याकडे गेला. आम्ही दोघी बसून राहिलो. चहावर साय धरली. अर्ध्या तासानं तो परत आला. त्याच्या गुडघ्यांना माती लागली होती.

"तीन वर्षं," तो म्हणाला. "तीन वर्षं मी तिच्याशी बोललो नाही. शेवटच्या आठवड्यात तिनं मला विचारलं, जार्लथ, माझं चुकलं तरी काय? मी म्हटलं, तुझं तुला ठाऊक. असं म्हणालो मी तिला. मरणाऱ्या बाईला." मग बाईंकडे वळला. "आणि तुला हे तेव्हापासून ठाऊक होतं."

"तुला काय वाटतंय हे मला ठाऊक नव्हतं रे."

"तू एकदा येऊन विचारलं असतंस. वीस मिनिटांची वाट आहे."

तीस वर्षं त्यांनी पाच मतांचं ओझं वाहिलं होतं. खरी चूक त्या दहा मिनिटांत झालीच नव्हती. ती नंतर झाली होती, रोज, गप्प बसून. परतताना गाडीत त्या एवढंच म्हणाल्या, "मी त्याची माफी मागायला गेले होते ना? मागितलीच नाही."

मला वाटलं आता हा माणूस बाईंचं तोंड बघणार नाही. पण सप्टेंबरमध्ये एका रविवारी तो त्यांच्या दारात उभा राहिला. हातात टोपी, बगलेत घरच्या बटाट्यांची पिशवी. बसला. चहा प्यायला. मग म्हणाला, "डेलिया, काय म्हणाली ती? पुन्हा सांग."

बाईंनी सांगितलं. गाढवाचं नाव, तळाला, बोटानं शोधत शोधत. तो मान हलवत ऐकत राहिला. "गाढवच म्हणाली ना?" "गाढवच." "हां. तिचाच शब्द." आणि निघून गेला.

पुढच्या रविवारी पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही. चार वर्षं, पाऊस असो, बर्फ असो, देवळातून सरळ बाईंकडे. कधी लोण्याची वडी, कधी एखादी कोंबडी. इकडचं तिकडचं बोलणं व्हायचं, गुरांचे भाव, कुणाच्या पोराचं लग्न. मी असले तर मीही बसायचे. मग कप खाली ठेवायचा आणि विचारायचा, "काय म्हणाली ती?" हळूहळू प्रश्न वाढत गेले. डोक्याला रुमाल होता का? कुठला, तपकिरी? आवाज चढवून म्हणाली की हळू? हसत म्हणाली का? बाई उत्तरं द्यायच्या. तपकिरी रुमाल. हळू. हो, हसत. जार्लथचा चेहरा त्या दहा मिनिटांपुरता लहान मुलासारखा व्हायचा, आणि मग पुन्हा म्हातारा. त्याला सुटल्यासारखं वाटत होतं की आणखी गुंतल्यासारखं, मला आजही सांगता येणार नाही. मिसेस केसीची सून दुकानात चेष्टेनं म्हणायची, "डोंगरावरचा नवरदेव निघाला बघा बाईंकडे!" तिला काय ठाऊक.

दोन हजार आठच्या नोव्हेंबरमध्ये जार्लथ गेला. मेंढ्या उतरवताना वाटेतच बसला आणि उठला नाही. त्यानं वकिलाकडे लिहून ठेवलं होतं, आईच्या शेजारी नाही, तिच्या पायाशी पुरा. पाद्री म्हणाले तशी जागा नाही. सबीनाच्या पुतण्यांनी वाद घातला आणि जागा काढली, आडवी, अरुंद.

मयताहून मी बाईंना घरी सोडत होते. पाऊस भुरभुरत होता, काच पुसणारी दांडी करकरत होती. चौफुलीच्या वळणावर त्या म्हणाल्या, "एथ्ना, गाडी जरा थांबव."

मी थांबवली.

"मला आता खात्री नाही."

"कसली?"

"सबीना सकाळी आली, रांगेत तिसरी होती, ते पक्कं. चष्मा नव्हता, ते पक्कं. बाहेर येऊन काहीतरी बोलली, मी हसले थोडीशी, तेही पक्कं. पण गाढवाचं... ती 'गाढवाचं नाव' म्हणाली का? का नुसतं, 'नावं किती बारीक छापलीत' म्हणाली? आणि रुमाल तर मला मुळीच आठवत नाही. जार्लथनं विचारलं तपकिरी का, मी हो म्हटलं. चार वर्षं सांगून सांगून मला आता सकाळ दिसतच नाही गं. माझं सांगणंच दिसतं. पहिल्या दिवशी जार्लथच्या स्वयंपाकघरात मला त्याच्यासाठी काहीतरी हवं होतं. इतकं हवं होतं. ते मी आठवलं, का तिथेच बनवलं?"

"असंच म्हणाली असणार, बाई. तिची भाषाच तशी होती."

"तू तिथे नव्हतीस."

"नाही."

"तिथे मी एकटी होते," त्या म्हणाल्या. "आणि माझा काय भरवसा?"

मागून एक ट्रॅक्टर आला, आमच्यासाठी वेग कमी केला, हात दाखवून पुढे गेला. बाईंनी त्यालाही हात दाखवला. काचेवरची वाफ त्यांनी कोटाच्या बाहीनं पुसली, बाहेर बघितलं, आणि म्हणाल्या, चल, केसीकडे दूध घ्यायचंय, ती आज लवकर बंद करेल.